गणपतरावांचे नऊ रूळ

मुंबईहून श्रीवर्धनला जायचे तर वैशाख सरण्याआधी जावे. पुढे आगबोटी बंद होतात आणि मग घाटवाटेने पाय तुडवीत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मी निघण्यापूर्वी दोन दिवस यादी केली होती. वळकटी, तांब्या, दशम्या, लिंबे चार (बोटीवर पोट ढवळते), छत्री, काडेपेटी, बहिणीसाठी दोन साधी लुगडी, आणि आमच्या कारखान्याच्या कोठारातून साहेबांना विचारून आणलेला मोठा कॅलिपर. कॅलिपर म्हणजे दोन वाकड्या पायांचे माप. गोल वस्तू त्या पायांत धरायची आणि तिची जाडी वाचायची. जाणाऱ्या इतर कोणाला ही शेवटची वस्तू लागणार नाही. माझे जाणे मात्र तिच्यासाठीच होते.

यमू माझी धाकटी बहीण. श्रीवर्धनच्या उत्तरेला दोन कोसांवर समुद्रकाठच्या एका वाडीत दिलेली. आम्ही जातीने सुतार. मी मुंबईला येऊन लोखंडाच्या कारखान्यात हत्यारांचा कोठारी झालो, आणि मेहुणे गणपतराव गावीच राहून मचवे बांधीत राहिले. गेल्या वैशाखात एक मचवा लाकडी रुळांवरून किनाऱ्यावर ओढताना तो कलंडला आणि गणपतराव त्याखाली सापडले. दिवसकार्याला मी जाऊन आलो, पण तेव्हा कोणी काही बोलले नाही. यंदा चैत्रात शाळामास्तरांच्या हातचे यमूचे पत्र आले. त्यात चारच ओळी होत्या.

"गाव म्हणते, त्यांच्या तिकोनी रुळांनीच त्यांना खाल्ले. पाणवठ्यावर रोज ऐकते. रूळ खरे होते का खोटे, ते तू येऊन मोज. तू म्हणशील ते मी मानीन."

श्रीवर्धन बंदर

बोटीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चारही लिंबे कामी आली. आगबोट किनाऱ्याला लागत नाही. लांब उभी राहते, मग होडीत उतरायचे, आणि होडीही गुडघाभर पाण्यात थांबते. तिथून एक माणूस खांद्यावर बसवून कोरड्यात नेऊन सोडतो. माझा माणूस किरकोळ होता आणि मी नाही. मध्येच तो म्हणाला, "दादा, मुंबैला खाता काय?" आणि आम्ही दोघेही पाण्यात बसलो. दशम्या गेल्या. वळकटी त्याने डोक्यावर धरून वाचवली, तेवढे बरे.

हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा, त्यामुळे बंदरावर जकातीचा नाका आहे. नाकेदार पान खात बसला होता. त्याने माझी पिशवी उलटी केली आणि कॅलिपर दोन बोटांनी उचलला.

"हे काय? कुर्ल्या धरायचा चिमटा?"

"गोलाई मोजायचं माप आहे."

"कोणाची गोलाई मोजणार?" त्याने आपल्याच पोटावर हात फिरवला. शेजारचे दोघे हसले.

"मेहुण्यांच्या रुळांची. गणपत सुतार."

हसणे थांबले. नाकेदाराने कॅलिपर पिशवीत ठेवला, वर लुगडी नीट घडी करून ठेवली आणि पिशवी स्वतः बांधून दिली. "भला माणूस," तो म्हणाला. "माझ्या घराची दारं त्यानंच केली. पण तिकोनी लाकूड कधी गडगडतं काय हो? देवानं चाक गोल केलं ते काय उगाच?"

मी पिशवी खांद्याला लावली. खरे म्हणजे मलाही ते नीट ठाऊक नव्हते.

वाडी, पहिला दिवस

श्रीवर्धन सोडले की वाट सुपारीच्या बागांतून जाते. भर दुपारीही तिथे सावली आणि पायांखाली ओल असते, पाटाचे पाणी झाडाझाडाच्या बुंध्याशी वळवलेले असते. आमच्या परळला एका नळावर चाळीस बिऱ्हाडे भांडतात. इथे पाणी कोणाशी न भांडता वाहते, आणि माणसे भांडायला दुसरे काहीतरी शोधतात.

यमू अंगणात उभी होती. वाळली होती. "दादा, भिजलास?" एवढेच म्हणाली आणि पाणी तापवायला गेली. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि आमसुलाचे सार होते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ती समोर बसून राहिली, जेवली नाही. मी हात धुतल्याबरोबर म्हणाली, "चल. दावते."

परसात फणसाखाली नऊ रूळ एकावर एक रचलेले होते. ज्या मचव्याखाली गणपतराव सापडले त्याचे मालक इस्माईल नाखवा. शिमग्याला ते चार माणसे घेऊन होळीसाठी रूळ न्यायला आले, तेव्हा यमू त्या ढिगावर जाऊन बसली होती. "म्हटलं, मलाबी न्या मग. गेले परत." हे तिने हळद किती आणली हे सांगावे तसे सांगितले.

ज्यांनी ते रूळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषभर लांबीचा ओंडका. त्याचे टोक समोरून पाहिले तर गोल नव्हे, तीन कोपऱ्यांचे. पण बाजू सरळ नसून बाहेर फुगलेल्या. गणपतराव तो आकार असा काढीत: तीन खुणा एकमेकींपासून सारख्या अंतरावर करायच्या, एका खुणेवर खिळा ठोकून दोरी बांधायची, आणि उरलेल्या दोन खुणांमधली कड त्या दोरीने आखायची. मग खिळा दुसऱ्या खुणेवर, मग तिसऱ्या. म्हणजे प्रत्येक फुगीर बाजूचा मध्य समोरच्या कोपऱ्यात बसलेला. त्यामुळे रूळ कसाही फिरवा, त्याची रुंदी तेवढीच राहते.

"तुला पटत न्हाय," यमू माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. तिने दोन रूळ अंगणात सपाटीला ठेवायला लावले, वर फळी टाकली, आणि फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. "ढकल."

मी ढकलले. रूळ वेडेवाकडे गडगडले, कोपरे वर येत होते, खाली जात होते. फळी मात्र पाण्यावरून सरकावी तशी सरकली. तांब्यातले पाणी कडेला थरथरले, पण सांडले नाही.

"ह्यांनी मला अस्संच दावलं व्हतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ह्या खटाटोपाचा उपेग काय? तर हसले."

उपयोग होता, आणि तो तिनेच सांगितला. मचवा ओढताना मागून मोकळा झालेला रूळ उचलून धावत पुढे नेऊन ठेवावा लागतो. चढावर गोल रूळ ठेवला की तो थांबत नाही, समुद्राकडे पळतो, वाटेत कोणाचा पाय असेल तर पायावरून जातो. हा रूळ ठेवला तिथे बसून राहतो. शिवाय तेवढ्याच रुंदीच्या गोल ओंडक्याहून त्यात लाकूड कमी, म्हणून उचलायला हलका. पहिल्या वर्षी तीन मचवे ह्याच रुळांवरून वर चढले आणि नाखव्यांनी गणपतरावांना नवे धोतर दिले. दुसऱ्या वर्षी ते गेले.

"आता मोज," ती म्हणाली. पण उन्हे उतरली होती आणि कमी उजेडात मी मोजत नाही. सकाळी मोजू म्हटले. एक वर्ष थांबलेली बाई आणखी एक रात्र थांबली.

मोजणी

सकाळी मी वहीत रकाने आखले. रुळाचा क्रमांक, दोन्ही टोके, मध्य. प्रत्येक जागी सहा बाजूंनी माप. यमू रूळ फिरवीत होती, मी कॅलिपर लावीत होतो.

पहिला रूळ, नऊ इंच. फिरवला, नऊ. परत फिरवला, नऊ. कोपरा वर असो की बाजू वर असो, कॅलिपरचे पाय जेवढे उघडले होते तेवढेच राहत. बावीस वर्षांत मी हजारो वस्तू मोजून घेतल्या आहेत. यंत्रावर कातलेल्या लोखंडातही एवढी सचोटी क्वचित दिसते, आणि हे तर तासणीने केलेले आंब्याचे लाकूड. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसेच. मला आनंद होऊ लागला. यमू माझा चेहरा वाचीत होती. सातव्या रुळाला ती म्हणाली, "चहा ठेवू?" तिच्या आवाजात मुलीपणची यमू होती.

आठवा तसाच.

नववा ढिगाच्या तळाशी होता. कॅलिपर लावला, तो सैल लागला. फिरवला, नऊला पाव इंच कमी. पुन्हा फिरवला, पाऊण इंच कमी. मी रूळ उजेडाकडे तोंड करून ठेवला. त्याचे तिन्ही कोपरे टोकापासून टोकापर्यंत तासलेले होते. काम सुबक होते, पट्टी लावून केल्यासारखे सरळ. मात्र जिथे कोपरा होता तिथे आता तीन बोटे रुंदीची सपाट पट्टी होती.

"ह्याचे कोपरे कोणी तासले?" मी विचारले.

यमू चुलीपाशी होती. तिने वळूनही पाहिले नाही. "ह्यांनीच. तुझं पत्र आलं व्हतं ना, पौषात? हसले व्हते वाचून. म्हणाले, दादांना कारखान्यातलं कळतं, आपल्या रुळातलं न्हाय. पण एक करून बघतो, न्हायतर वाईट वाटंल त्यांना."

त्या पत्रातील मजकूर मला पाठ आहे, कारण माझी पत्रेही याद्याच असतात. त्याआधीच्या दिवाळीला मी हे रूळ ओझरते पाहिले होते आणि मुंबईला आल्यावर गणपतरावांना चार सूचना लिहून पाठवल्या होत्या. लाकडाला तेल द्यावे. टोकांना लोखंडी कडे बसवावे. रुळांना क्रमांक घालावेत. कोपरे पाऊण इंच तासावेत, कारण धार राहिली की लाकूड तिथूनच फुटते.

आमच्या कारखान्यात कोणत्याही वस्तूची धार घासून मोडल्याशिवाय ती कोठारात घेत नाहीत. नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. धार म्हणजे वस्तूचे वाईट अंग, असे आमच्या हातात बसलेले आहे. ह्या रुळात मात्र कोपरा हेच माप होते. समोरची सगळी बाजू त्या कोपऱ्यावर उभी होती. तो काढला की रूळ एका अंगावर उंच आणि दुसऱ्या अंगावर ठेंगणा झाला. गणपतरावांना हे कळत असणार. तरी माझा मान म्हणून त्यांनी एकाचे कोपरे तासले, आणि तो एक ओढण्याच्या दिवशी बाकीच्यांत मिसळला.

"काय झालं?" यमू चहा घेऊन उभी होती. "खोटे हायत?"

मनात एक वाक्य तयार होते. रूळ खरे आहेत, गणपतरावांची चूक नव्हती. ते वाक्य खोटेही नव्हते, आणि यमूला एवढेच हवे होते. मी वहीतला आठ रुळांचा हिशेब तिला दाखवून त्याच दिवशी आगबोट गाठू शकलो असतो.

मी तिला खाली बसवले. आठ रूळ दाखवले, मग नववा दाखवला. कॅलिपर तिच्या हातात दिला आणि तिलाच मोजायला लावले. कोपऱ्यावर तो सैल झाला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मग मी पत्राचे सांगितले. तिने कॅलिपर खाली ठेवला. चहा निवत होता, तो उचलून घरात नेला आणि बाहेर आली नाही. दुपारी माझे ताट शेजारणीने वाढले.

पुळण, तिसरा दिवस

इस्माईल नाखव्यांचा मचवा त्या दिवशी वर घ्यायचा होता. पावसाच्या आधी सगळे मचवे पुळणीवर, किनाऱ्याच्या उंच वाळूवर, ओढून झावळ्यांनी शाकारतात. मी सकाळीच नववा रूळ खांद्यावर घेऊन गेलो. वीसेक माणसे जमली होती. नाखवे साठीचे, पांढऱ्या दाढीचे, पायाने थोडे अधू. त्यांनी नवे गोल ओंडके आणवले होते.

"मुंबैवाले, हे कशाला आणलंत?" ते म्हणाले. "ह्याचं तोंड बघवत न्हाय."

मी रूळ वाळूत ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितले. कोपरे तासायला मी लिहिले होते, बाकीचे आठ बरोबर आहेत, हा एक मी बिघडवला. वीस माणसांपुढे बोलायची मला सवय नाही. जेवढे लागेल तेवढेच बोललो.

नाखवे वाकले आणि तासलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांवरूनही फिरवला.

"मचव्याचं नाक धपकन बसलं व्हतं," ते अखेर म्हणाले. "बाजूचा टेकू ढिला पडला. गणपत टेकूला व्हता, त्यानं खांदा लावला. आम्ही म्हटलं, वाळू खचली. मग म्हटलं, तिकोनी रूळच वंगाळ." त्यांनी वर पाहिले. "वरीसभर त्याला शिव्या घातल्या. त्या कोनाला पोचल्या रं अल्ला?"

"मला पोचवा," मी म्हटले.

"तुमाला घालून काय उपेग? तुमी काय इथं मचवे वढता?" मागचा एक तरुण खोकल्यासारखे हसला. नाखव्यांनी त्याच्याकडे पाहिले तसा तो गप्प झाला. "जा रं, सुतारणीकडनं आठ रूळ आना. तिला इचारून आना. न्हाय म्हणली तर हात लावू नका."

चार माणसे गेली. ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी गोल ओंडके बाजूला सारले आणि दोर बांधून घेतले. रूळ आले. यमूने आधी कॅलिपरने आठही मोजून दिले आणि मग नेऊ दिले, असे त्यांच्यातल्या एकाने सांगितले.

मचवा वर घेताना मी दोराला हात लावला. नाखव्यांनी अडवले नाही. "होऽ हैस्सा" म्हणत माणसे वाकत होती. मागचा रूळ मोकळा झाला की दोघे तो उचलून पुढे धावत, चढावर ठेवत आणि सोडून देत. तो जागचा हलत नसे. मचवा त्यावर चढे, रूळ वेड्यासारखा उलथापालथा होई, आणि वरचे ते एवढे मोठे लाकूड एका रेषेत पुढे सरके. कुठेही उसळी नाही, कुठेही दचका नाही. तळहात सोलले होते आणि मला काही दुखत नव्हते. मी फक्त मचव्याच्या नाकाकडे पाहत होतो. ते एकदाही खाली बसले नाही.

मचवा वर पोचला. नाखव्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि मचव्याच्या बाजूला जिथे टेकू लावतात तिथे जाऊन थोडा वेळ उभे राहिले.

परत

निघण्याच्या सकाळी यमूने भाकऱ्या बांधून दिल्या, बरोबर सुकी कोलंबी. दोन दिवसांत ती माझ्याशी बोलली नव्हती. मी वळकटी उचलली तेव्हा ती दारात आली.

"दादा, एक इचारते. कोपरा तासला नसता तर हे असते?"

"असते."

तिने मान हलवली. "वरीसभर मी ह्यांच्यावर रागावले व्हते. लोकांपुढं भांडायचे, आन् मनात मीबी तेच म्हणायचे. कशाला हट्ट केलात, गोल लाकडं काय वाईट व्हती? मेलेल्या माणसावर राग धरला की घास उतरत न्हाय. दिवा लावताना देवाच्या तोंडाकडं बघवत न्हाय." ती थांबली. "आता त्यांच्यावर न्हाय. आता तुझ्यावर रागवीन."

"रागव."

"लई दिस रागवीन."

"बरं."

"पत्र धाडू नको. मी बोलवीन तवा ये."

मी निघालो. कुंपणाशी पोचलो तेव्हा मागून तिच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्याने, पोटातून. दिवसकार्यातही ती अशी रडली नव्हती. मी परत फिरायला पाय उचलला आणि खाली ठेवला. तिचे समाधान करायला मी नको होतो. सुपारीच्या बागांपर्यंत तो आवाज येत राहिला, मग पाटाचे पाणी ऐकू येऊ लागले.

ह्याला आता दोन वैशाख उलटले. तिचे पत्र आलेले नाही. श्रीवर्धनचे सुपारीवाले व्यापाराला मुंबईला येतात, त्यांच्याकडून कळते. आसपासच्या तीन गावांचे मचवे हल्ली त्याच रुळांवर चढतात. यमू ते आपल्या हाताने दोरी लावून मोजून देते आणि मोजून परत घेते. कोपरा झिजलेला दिसला तर तो रूळ देत नाही, मग नाखवा असो की कोणी असो. ती बरी आहे ना, असे मी त्यांना विचारतो. बरी आहे, ते म्हणतात. माझ्याविषयी तिने काही विचारले का, हे मी अजून विचारलेले नाही.